मास्तरांचा ओठ

मंगल गेली हे उमापूरला माझ्या आधी कळलं. मी अंबाजोगाईला दवाखान्यासमोरच्या गाड्यावर चहा घेत उभा होतो. एक कप माझा आणि एक पुतण्याचा, कारण पुतण्या अभिमन्यू वर त्याच्या काकूजवळ बसला होता. तेवढ्यात गावाकडून शेजारच्या मुक्ताबाईंचा फोन आला. त्या रडत होत्या. मी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? त्यांचं रडणं एकदम थांबलं. मग म्हणाल्या, "भावजी, तुमाला न्हाई का माहीत?"

अभिमन्यूने आधी स्टेटस ठेवला होता. भावपूर्ण श्रद्धांजली, जोडलेले हात, एक दिवा. मग तो मला सांगायला जिना उतरला. पुढे त्याने खुलासा केला की नेटला रेंज होती, पण जिन्यावर लई गर्दी होती. मी सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून केली. गाडीत काही झालं तर ते मागच्या सीटवर आधी कळतं आणि कंडक्टरला शेवटी, हे मला माहीत होतं. पण हे इथेही लागू होईल असं वाटलं नव्हतं. मी दोन्ही कप हातात धरून वर गेलो. ते मी पुढे कुठे ठेवले, ते आजही आठवत नाही.

तेरावा झाला, पाहुणे गेले, मुलगी योगिता पुण्याला परत गेली. घरात आवाज करणारं कोणी उरलं नाही, तेव्हा मी माळ्यावरून माझा बाजा काढला.

या बाजाबद्दल सांगायला पाहिजे. नोकरी लागायच्या आधी आणि नंतर लग्नसराईत रजा टाकून मी आमच्या न्यू झंकार ब्रास बँडमध्ये युफोनियम वाजवायचो. पोटाशी धरायचा तो मोठा पितळी बाजा. लोकांना वाटतं बँडमध्ये सगळेच गाणं वाजवतात. तसं नसतं. गाणं क्लॅरिनेट वाजवतं. युफोनियम त्याच्या खालून भोंप, भोंप करत चालतो. गाणं काढून घेतलं तर माझ्याकडे नुसतं भोंप उरतं. इतकी वर्षं मला हे जाणवलं नाही, कारण घरी मी सराव करायला बसलो की मंगल भाकरी थापता थापता वरची चाल गुणगुणायची. तिची सगळ्यात आवडती चाल एकच. ती कुठल्या सिनेमातली नव्हती. आमच्या बँडच्या सुंदरराव मास्तरांनी ती आमच्या लग्नात, नवरी मांडवात येताना वाजवायला म्हणून बसवली होती. त्या लग्नात मीच घोड्यावरून उतरून, मुंडावळ्या मागे सारून, युफोनियम वाजवला होता, कारण दुसरा वाजवणारा नव्हता. तिच्या मामाने भर मांडवात विचारलं होतं की यातला नवरा कोणता. मंगल ते मरेपर्यंत सांगायची आणि दरवेळी हसायची.

तर मी बाजा पुसला, ओसरीवर बसलो आणि वाजवलं. भोंप, भोंप. स्वयंपाकघरातून काही आलं नाही. मी थांबून वरची चाल आठवायला लागलो तर ती आठवेना. तोंडाशी येते असं वाटायचं आणि तोंडात भोंप यायचं. दोन-तीनदा केलं, तेव्हा मुक्ताबाई कुंपणावरून डोकावल्या. त्यांनी फार काळजीने विचारलं की आमच्या गोठ्यात म्हैस अडलीय का. आमच्याकडे म्हैस नाही. गोठाही नाही.

योगिता फोनवर म्हणाली की मोबाईलमध्ये आईचं गुणगुणणं कुठेतरी असेलच. मी सगळे व्हिडिओ पाहिले. प्रत्येक व्हिडिओत मंगल पदराने तोंड झाकते आणि म्हणते, बंद करा ते. आणि आम्ही सगळे आज्ञाधारक, दरवेळी बंद केलेलं.

तेव्हा मी ठरवलं. वर्षश्राद्धाला तिच्या फोटोसमोर ती चाल एकदा पूर्ण वाजली पाहिजे. मला ती एकदा ऐकायची होती. बाकी काही नको होतं.

सुंदरराव मास्तर चकलांब्याला मुलाच्या किराणा दुकानात बसतात. मी गेलो तेव्हा ते साबणाच्या वड्या लावत होते. मंगलचं ऐकून त्यांनी डोळे पुसले, मग आत जाऊन क्लॅरिनेटची पेटी आणली. उघडली तर आतून झुरळ निघालं. मी म्हणालो, मास्तर, आत्ता नुसतं गुणगुणून दाखवा, तेवढंही पुरे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना फुकट साबण मागितला.

"मला गाता आलं असतं तर पिपाणी कशाला फुकली असती? ती चाल बोटांत हाय, शहादेव. तोंडात न्हाई."

मग त्यांनी खालचा ओठ बोटाने ताणून मला दाखवला. क्लॅरिनेटवाल्याचं सगळं भांडवल म्हणजे तो ओठ. रोज वाजवला तर घट्ट राहतो. वर्षानुवर्षं बंद ठेवला तर पहिल्याच दिवशी थोडा वेळ साथ देतो आणि मग सुजून बसतो. मास्तर म्हणाले, सराव नाही करायचा. सराव केला तर ओठ सरावातच जाईल. थेट त्या दिवशी येतो, पहिली आणि शेवटची तीच चाल वाजवतो. "त्याच्या आधी मला कुनी काय वाजवायला सांगायचं न्हाई. ओठ एकदाच हाय."

मी कबूल केलं. ही अट मीच मोडू देणार आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

ढोलवाला मुंजाजी गावातच होता. तो ऐकताक्षणी ढोल गळ्यात अडकवून आला. घराचा उंबरा ओलांडायच्या आधीच त्याने दोन ठोके दिले. ट्रंपेटवाला आप्पा गेवराईला नातवंडं सांभाळतो. त्याने मधल्या काळात दात काढून कवळी बसवली आहे. कवळी घालून फुंकलं की वारा बाजूने निघून जायचा. शेवटी त्याने कवळी काढून खिशात ठेवली, तर पूर्वीपेक्षा चांगलं वाजायला लागलं. आप्पा फार खूश झाला. दातांचा त्याच्या वाजवण्यात इतकी वर्षं अडथळाच होता, असं तो सगळ्यांना सांगायला लागला. अर्थात खिशात कवळी असताना तो काय सांगतो ते निम्मंच कळायचं.

आम्ही तिघं रोज संध्याकाळी माझ्या ओसरीवर सराव करायला लागलो. आता ज्या सरावात क्लॅरिनेटच नाही तो कसा असतो? मुंजाजी ठोका देणार, मी भोंप करणार, आप्पा मध्येच एक किंकाळी मारणार आणि गाण्याच्या जागी आम्ही तिघंही मास्तर आठवत गप्प. तरी आमचं बरं चाललं होतं. मंगल गेल्यापासून पहिल्यांदा माझ्या घरी चहाला चार कप निघायला लागले होते. चौथा मुक्ताबाईंचा.

भानगड गावाने केली. ज्याची बायको वारून वर्ष झालं नाही, त्याच्या ओसरीवर रोज बँड वाजतो, याचा अर्थ गावात एकच होतो. मुक्ताबाईंनी एका संध्याकाळी कप खाली ठेवत हळूच विचारलं, "भावजी, पाहुनी कुठली हाय?" मी म्हणालो, कोण पाहुणी? त्या समजूतदारपणे हसल्या. त्यांनी मला सल्ला दिला की या वयात गाजावाजा करू नये, रजिस्टर करून मोकळं व्हावं. दोन दिवसांनी तलवाड्याकडचा एक अनोळखी मध्यस्थ येऊन बसला. त्याच्याकडे एका बाईंचा फोटो होता. त्याने सांगितलं की बाईंची भाकरी पातळ असते आणि बँडबद्दल त्यांची काही तक्रार नाही. मी त्याला मंगलचा फोटो दाखवला. तो म्हणाला, या पण चांगल्या आहेत, कुठल्या?

योगिताचा फोन आला. तिला अभिमन्यूने कळवलं होतं. ती आधी रडली, मग म्हणाली, बाबा, तुमचं आयुष्य तुमचं आहे, पण निदान वर्ष होऊ द्यायचं. मी तिला सगळं समजावून सांगितलं.  मग तिने विचारलं, "म्हणजे नक्की बँडच आहे ना?" स्वतःच्या मुलीला आपण दुसरं लग्न करत नसून फक्त भोंप भोंप करत आहोत हे पटवून देण्याची वेळ कोणावर येऊ नये.

त्यात जिल्हा परिषदेची आचारसंहिता लागली. बँडला परवानगी पाहिजे असं कळलं म्हणून मी पोलीस चौकीत गेलो. तिथल्या हवालदाराने कारण विचारलं. मी म्हणालो, वर्षश्राद्ध. त्याने पेन खाली ठेवलं.

"नाना, वर्षश्राद्धाला भजन असतं. बँड नसतो. भजन लावा, त्याला कुनी इचारत न्हाई."

मी म्हणालो, तिला भजन आवडत नव्हतं. हवालदाराला वाईट वाटलं, पण त्याच्याकडच्या छापील कागदावर कारणं ठरलेली होती. लग्न, जयंती, उत्सव, मिरवणूक. लग्न लिहू नका, एवढीच मी त्याला विनंती केली. गावात तेवढं वातावरण पुरेसं होतं. मग त्याने मिरवणूक लिहिलं, खाली माझं नाव आणि सही. मी कागद घडी करून खिशात घातला आणि मला वाटलं की अवघड काम उरकलं.

अभिमन्यूला मी काहीही सांगितलं नव्हतं, म्हणून त्याने आपल्या मनाने फ्लेक्स केला. वर्षश्राद्धाचा फ्लेक्स, आमच्या गल्लीच्या तोंडाशी. मी पाहायला गेलो. डाव्या बाजूला कोपऱ्यात मंगल होती, मतदान कार्डावरून मोठी केलेली, त्यामुळे जरा दचकल्यासारखी. मधोमध आणि कमरेपासून वर, हात जोडून, विजयसिंह. विजयसिंह आमच्या गटातून उभे होते. त्यांची शेती, कारखान्यातलं वजन आणि मोटारसायकलवाली पोरं हे सगळं गावाला माहीत आहे. फ्लेक्सवर लिहिलं होतं, प्रमुख उपस्थिती. मी अभिमन्यूला विचारलं, हा माणूस तुझ्या काकूला कधी भेटला होता? तो म्हणाला, "नाना, फोटो नसता तर फ्लेक्स फुकट झाला नसता."

दुसऱ्याच दिवशी आचारसंहितेचं पथक आलं आणि उमेदवाराचा फोटो झाकायचा म्हणून त्यांनी सगळा फ्लेक्स पांढऱ्या कापडाने गुंडाळला. मंगलसकट. मी धावत गेलो. साहेबांना सांगितलं की डाव्या बाजूच्या बाई उमेदवार नाहीत. ते म्हणाले, तसं लेखी द्या. मी रस्त्यावरच गाडीच्या टपावर कागद ठेवून लिहिलं की माझी पत्नी मंगल ही कोणत्याही पक्षाची नाही, ती निवडणूक लढवत नाही आणि लढवण्याची शक्यता नाही. साहेबांनी ते वाचून मान हलवली आणि डावा कोपरा तेवढा मोकळा केला. वारा सुटला की कापड उडायचं आणि मंगल झाकली जायची, परत दिसायची.

वर्षश्राद्धाच्या दिवशी मास्तर सकाळच्या गाडीने आले. इस्त्रीचा सदरा, डोक्याला तेल, आणि ओठाला त्यांनी तूप लावलं होतं. कोणाशी बोलतही नव्हते, ओठ राखायला. चहासुद्धा बशीत गार करून प्यायले. योगिता आली होती. तिने आईच्या फोटोला हार घातला, समोर रांगोळी काढली. भटजीकाकांनी विधी सुरू केले. पिंड झाले, काकघास बाहेर ठेवला. ठरलेलं असं होतं की आरती झाली की चाल वाजवायची. आम्ही चौघं ओसरीवर ओळीने उभे राहिलो. मुंजाजीने जुना लाल कोट घातला होता, त्याची बटणं लागत नव्हती. सांगायला हरकत नाही, मला त्या क्षणी फार बरं वाटलं. इतकं की तिला सांगावंसं वाटलं.

तेवढ्यात गल्लीत मोटारसायकली आल्या. विजयसिंह खरोखर आले. त्यांनी चपला काढल्या, फोटोला हार घातला, योगिताच्या डोक्यावर हात ठेवला. सगळं रीतसर. मग त्यांचं लक्ष आमच्याकडे गेलं. त्यांच्या डीजेला त्याच सकाळी परवानगी नाकारली होती आणि स्टँडवर त्यांची पोरं नुसतीच उभी होती, हे मला नंतर कळलं. अभिमन्यूला आधी माहीत होतं.

विजयसिंह माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "नाना, आपल्याच गावचा बँड. स्टँडपर्यंत आन् माघारी. काकूंचा आशीर्वाद समजतो."

मी म्हणालो, साहेब, आधी आमचं होऊ द्या. मास्तरांचा ओठ एकदाच आहे. विजयसिंहांना ओठाचं काही कळलं नाही. त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात टाकला आणि पोरांना ओरडून सांगितलं की हे सुंदरराव मास्तर, यांनी माझ्या बापाच्या वरातीत वाजवलंय. पोरांनी शिट्ट्या मारल्या. कोणीतरी मास्तरांना फेटा घातला.

मी मास्तरांकडे पाहिलं. मी त्यांना दोष देत नाही, पण जे पाहिलं ते लिहितो. बारा वर्षं साबणाच्या वड्या लावणारा तो माणूस अचानक उंच झाला होता. ते माझी नजर चुकवत म्हणाले, "स्टँड जवळच हाय, शहादेव. ओठ पुरंल." मुंजाजी तर केव्हाच गल्लीत उतरला होता. आप्पाने कवळी खिशात घातली.

मी नाही म्हणू शकलो असतो. पण परवानगी माझ्या नावावर होती, आणि मास्तरांना एकटं सोडलं तर ते कधी परत येतील याचा भरवसा नव्हता. म्हणून मीही निघालो. काकांना म्हणालो, आलोच. काकांनी घड्याळाकडे पाहिलं.

स्टँड जवळच आहे. पण मिरवणुकीला जवळचा रस्ता चालत नाही. आधी वेस, मग मारुती, मग सोसायटी, मग ज्यांची मतं डळमळीत आहेत अशी एक अख्खी वस्ती. चौकात पोलिसांनी अडवलं, तेव्हा विजयसिंहांच्या माणसाने माझ्या खिशातून कागद काढून दाखवला. मिरवणूक. शहादेव अमुक अमुक, सेवानिवृत्त. पोलिसाने मला सलाम केला. जेसीबीतून फुलं उधळली, त्यातली निम्मी माझ्या बाजाच्या तोंडात गेली आणि भोंपचं भुस्स व्हायला लागलं. मागचं पोरगं ओरडलं, "ए मोठ्या पोटाच्या, जोरात." मास्तर एकेक गाणं वाजवत होते. वाजवलं मात्र त्यांनी अप्रतिम. लोक गच्चीवर येऊन पाहत होते. प्रत्येक गाणं संपलं की मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणायचो, मास्तर, ओठ. ते हात हलवायचे. मग कोणीतरी दुसरं गाणं मागायचं.

घरी परतलो तेव्हा पत्रावळी उचलल्या होत्या. काका दुसऱ्या घरी गेले होते. योगिता फोटोसमोर एकटीच बसली होती. मुक्ताबाईंनी सांगितलं की कावळ्याने घास पटकन शिवला, म्हणजे मंगल समाधानी आहे. मी तिच्याबरोबर संसार केला आहे. ती समाधानी नव्हती. कावळ्याला भूक लागली असेल.

आम्ही परत ओळीने उभे राहिलो. मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं. नुसती हवा आली. त्यांनी पाणी पिऊन परत लावलं. हवा. खालचा ओठ सुजून टोमॅटोसारखा झाला होता. त्यांच्या कपाळावर अजून गुलाल होता.

"शहादेव, व्हत न्हाई," ते म्हणाले.

 मी भोंप सुरू केलं. मुंजाजीने ढोलावर काठीऐवजी हाताने ठेका धरला. आप्पा फुंकायचंच विसरला. मास्तरांनी क्लॅरिनेट परत उचललं, आणि त्यांची बोटं चालायला लागली. आवाज काही नाही. फक्त छिद्रांवर बोटं पडत होती, उठत होती, एके ठिकाणी थांबली, मग भराभर खाली आली. चाल तीच होती, हे मला माझ्या भोंपवरून कळत होतं. कुठे वळते, कुठे नवरी मांडवात येते, सगळं बरोबर जागेवर. योगिता बोटांकडे बघत होती. तिला काही ऐकू येत नव्हतं आणि मलाही नव्हतं. चाल संपली तेव्हा मास्तरांनी क्लॅरिनेट खाली केलं आणि ते अंगणात जाऊन तोंड धुवायला लागले.

अभिमन्यूने याचा व्हिडिओ काढला आणि स्टेटसला ठेवला. लोकांनी त्याला कळवलं की आवाज येत नाही.

विजयसिंह निवडून आले. मास्तरांचा ओठ आठवड्यात बरा झाला आणि विजयसिंहांच्या विजयी मिरवणुकीनंतर तो परत बंद झालाच नाही. न्यू झंकार आता पुन्हा चालू आहे. नवे कोट आले आहेत, आप्पाने कवळी कायमची कपाटात ठेवली आहे. युफोनियमला शेवगावकडचा एक तरुण आणला आहे, कारण मिरवणुकीत माझं तोंड उतरलेलं दिसतं असं विजयसिंहांच्या माणसांनी मास्तरांना सांगितलं. मध्यस्थ अजूनही अधूनमधून येतो. मुक्ताबाई त्याला चहा देतात.

मी मास्तरांना चारदा फोन केला. ते दरवेळी प्रेमाने बोलतात. मंगलची आठवण काढतात. एकदा त्यांनी विचारलं की भोंप अजून जमतं का. मी विचारलं, मास्तर, कधी येता? ते म्हणतात, या महिन्यात सगळे दिवस लागलेले आहेत, पुढच्या महिन्यात बघू.

बाजा ओसरीवरच आहे. त्यातली फुलं मी काढून टाकली. मंगलची चाल अजून वाजायची राहिली आहे.